थोरल्या जावयाचा गाल

नानाजी इंगोल्यांचा उजवा गाल सुजला तेव्हा त्यांना सर्वांत आधी आठवला तो साडू. देव नाही, आई नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. मंगळवारी सकाळी आरशात स्वतःच्याच तोंडावर एक अनोळखी टमाटर उगवलेला पाहून त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "अश्विनले हे समजलं नाही पाहिजे."

साडू हे नातंच मोठं विचित्र आहे. भावाशी भांडता येतं, मेहुण्यावर रागावता येतं, सासऱ्यासमोर गप्प बसता येतं. साडूशी मात्र फक्त तुलना होते. दोन बहिणींनी दोन माणसं निवडली आणि त्या दोघांना आयुष्यभरासाठी एकाच तराजूत बसवून दिलं, एवढाच त्या नात्याचा अर्थ.

नानाजी कळमेश्वरच्या मनकर्णाबाईंचे थोरले जावई. कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवायचे. लग्नानंतर बरीच वर्षं त्या घराचे ते एकुलते एक जावई होते आणि तो काळ त्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की इकडे रश्श्याला फोडणी पडे. मग धाकट्या मेघाचं लग्न झालं आणि घरात डॉ. अश्विन आला. नागपूरला जरीपटक्यात काचेच्या दाराचा, थंडगार एसीचा दातांचा दवाखाना. गोरा, हसरा, नम्र. नम्रपणा तर नानाजींना सर्वांत जास्त झोंबे. उद्धट साडूचा राग करता येतो, नम्र साडूचं काय करायचं?

त्यातून अश्विननं एक घाव असा घातला की ज्याला तोड नव्हती. त्यानं सासूबाईंना अख्खी कवळी बसवून दिली. त्याच्या आदल्या वर्षी नानाजींनी त्यांना मोठा कूलर घेऊन दिला होता, पण कूलर वर्षातून तीन महिने चाले आणि कवळी बारमाही. सासूबाई हसल्या की नानाजींना साडू दिसे. त्या रडल्या तरी दिसे. "डॉक्टरसाहेबानं दिलेले दात" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "नानाजीनं दिलेली हवा" असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत.

यावर नानाजींनी एक सिद्धांत काढला होता आणि तो ते प्रत्येक बारशात, प्रत्येक साखरपुड्यात मांडत : दातांचा डॉक्टर हा डॉक्टर नव्हे. "दात केवढे, शरीर केवढं! मुनीम आणि मालक यात फरक असते की नाही?" लोक मान डोलवत. मग त्यांतलेच अर्धे लोक अश्विनजवळ जाऊन तोंड उघडत.

आणि आता हा गाल. तोही कोणत्या आठवड्यात? अधिक महिना सुरू होता. जावयाला नारायण समजून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावई देव होतो. बाकीच्या काळात तो काय असतो ते सांगायची गरज नाही. रविवारी कळमेश्वरला दोन्ही जावयांना जेवण होतं. मागल्या अधिकात दिव्याचं आणि अनारशांचं वाण पहिल्यांदा अश्विनच्या हाती गेलं होतं, कारण म्हणे त्याला लवकर निघायचं होतं. नानाजींनी ते तीन वर्षं मनात जपून ठेवलं होतं. यंदा त्यांनी पत्नीमार्फत, म्हणजे सुमतीमार्फत, सासूबाईंकडून शब्द घेतला होता : पहिला मान थोरल्याचा. आणि त्या थोरल्याच्या तोंडाचा उजवा अर्धा भाग आता धाकट्याच्या अखत्यारीत जाऊ पाहत होता.

"दाढ दुखते का?" सुमतीनं विचारलं.

"नाही."

हे अगदीच खोटं नव्हतं. नानाजींच्या मते दाढ दुखत नव्हती, दाढेच्या वरचा प्रदेश दुखत होता, आणि तो प्रदेश कोणाच्या हद्दीत येतो हे अजून ठरायचं होतं.

"अश्विनले फोन लावते मी."

"खबरदार! सूज आहे ही. सूज म्हणजे डॉक्टर. दात हलला, किडला, पडला, तर दातवाला. गाल काही दात नाही."

"गालाच्या आत काय आहे मग?"

"जीभ बी आहे. जिभेचा वेगळा डॉक्टर असते का?"

"तुमच्यापुरता असता तर बरं झालं असतं," सुमती म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

समोरच्या फ्लॅटमधले लहानूजी ढेंगे वीज मंडळातून निवृत्त झालेले. खांबावर चढून अख्ख्या वस्तीची लाइन दुरुस्त केल्यामुळे माणसाच्या शरीरातल्या वायरिंगचंही ज्ञान आपल्याला आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी जिन्यातच नानाजींना थांबवलं, हनुवटी धरून मान दोन्ही बाजूंना वळवली आणि निदान केलं.

"गालफुगी होय हे, गा. शंभर टक्के."

नानाजींचा चेहरा उजळला, जेवढा उजळू शकत होता तेवढा. गालफुगी! हा पूर्णपणे डॉक्टरी आजार. त्यात दातवाल्याचा काडीचा संबंध नाही.

"लहानपणी झाली नव्हती का तुमाले?"

"आठवत नाही."

"मंग सांभाळा बावा. मोठेपणी झाली तर…" लहानूजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि कानाशी येऊन उरलेलं वाक्य पूर्ण केलं. नानाजींचा चेहरा पुन्हा मावळला. त्या दिवशी ते पाय फाकवून, जपून चालताना दिसले.

लहानूजींनी हळद-चुन्याचा लेप स्वतःच्या हातानं थापून दिला. तो वाळल्यावर गाल नुसता सुजलेला न राहता पिवळा, कडक आणि भेगाळलेला झाला. नानाजी हसले की त्याचे पोपडे शर्टावर पडत. सुदैवानं हसण्याचा प्रसंग आला नाही. दुसऱ्या सकाळी उजवा डोळाही अर्धा मिटला, तेव्हा सुमतीनं चपला त्यांच्या पायासमोर ठेवल्या आणि ती दारात उभी राहिली.

घरचे डॉक्टर आता हर्षित होते. त्यांचे वडील असते तर नानाजींनी त्यांना दोन शब्दांत वळवलं असतं, पण हर्षित अकरावीला आधी वाणिज्य शाखेत होता, पुस्तपालन त्याला नानाजींनीच शिकवलं होतं आणि त्यात नापास होऊनच तो विज्ञानाकडे वळला होता. त्यानं लेप खरवडला, तोंडात बॅटरी मारली आणि वरच्या हिरडीवर बोट टेकवलं. नानाजींचे दोन्ही पाय जमिनीवरून वर आले.

"सर, वरची दाढ आहे. आत पू झाला. गोळ्या देतो, पण मूळ तिथंच आहे. दातवाल्याले दाखवा, आजच्या आज."

"गालफुगी नाही?"

"नाही."

"कानाचं काही?"

"नाही."

"उष्णतेचं? ऊन किती तापून राहिलं पाहा ना."

"सर, तुमाले दात काहून नको आहे?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते विद्यार्थ्यासमोर देण्यासारखं नव्हतं. हर्षितनं बजावलं, "ताप चढला, गिळता येईना किंवा डोळा पुरता मिटला तर इकडं येऊ नका, थेट दवाखान्यात भरती व्हा." नानाजींनी गोळ्या घेतल्या आणि सल्ला तिथेच ठेवला. पुस्तपालनात नापास झालेल्या मुलाचं निदान कितपत धरायचं, असा त्यांचा मुद्दा होता.

दुसरं मत घ्यायला ते एका ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "विभाग?"

"तेच विचाराले आलो."

"विभाग सांगा, त्याशिवाय चिठ्ठी निघत नाही."

"गाल सुजला. कोणत्या विभागात येते?"

"ते डॉक्टर सांगतील."

"मंग डॉक्टरकडं पाठवा."

"कोणत्या विभागाच्या?"

मागची रांग आता चर्चेत उतरली. एका आजीनं त्वचा सुचवली, एका गृहस्थांनी डोळे सुचवले, कारण मिटला तर डोळाच होता. पोट धरून उभ्या असलेल्या एका माणसानं "काही बी द्या, पण लवकर द्या" असं मत मांडलं. "दात लिहू का?" बाईंनी विचारलं. "नाही!" नानाजी एवढ्या जोरात ओरडले की शेवटी त्यांना कान-नाक-घसा मिळाला. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी कान पाहिला, नाक पाहिलं, घसा पाहिला आणि तिन्ही उत्तम असल्याचं सांगितलं. मग कागदावर एकच शब्द लिहिला आणि तो फिरवून नानाजींसमोर धरला. दंत.

थोडक्यात, खऱ्या डॉक्टरांनीच एकमतानं दातवाल्याला डॉक्टर ठरवलं होतं. ज्या पक्षासाठी नानाजी इतकी वर्षं भांडले, त्याच पक्षानं त्यांना असं उघड्यावर टाकलं.

आता एकच मार्ग उरला होता. दातवाला, पण अश्विन सोडून. नागपुरात दातवाल्यांची काय कमी? शुक्रवारी दुपारी ते सीताबर्डीला निघाले. नागपूरच्या मे महिन्याचा एक मोठा उपकार असा की अख्खं शहर दुपट्ट्यानं तोंड बांधून फिरतं. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा. सख्खा भाऊ शेजारून गेला तरी ओळख पटत नाही. या दिवसांत सुजलेल्या आणि न सुजलेल्या माणसांत समता नांदते.

एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर डॉ. सरिता नावाच्या तरुण बाईंचा दवाखाना होता. नाव विचारल्यावर नानाजी क्षणभर अडले. नागपुरातले दातवाले एकमेकांना ओळखत असणार. "लहानू ढेंगे," ते म्हणाले. वयही मग लहानूजींचंच सांगावं लागलं.

"सत्तर? वाटत नाही हो काका," सरिताबाई म्हणाल्या. चष्मा आणि दुपट्टा एवढंच दिसत असूनही नानाजींना बरं वाटलं.

दाढेचा फोटो काढल्यावर बाई गंभीर झाल्या. दाढ उभी तडकली होती. "हे मी एकटीनं करणार नाही. आमच्या सरांना फोटो पाठवून विचारते," असं म्हणून त्यांनी फोन लावला आणि हातमोजे घातलेले असल्यामुळे तो स्पीकरवर ठेवला. नानाजी खुर्चीत आडवे, तोंडात कापसाचे बोळे. आणि त्या फोनमधून अत्यंत नम्र, अत्यंत हसरा आवाज आला.

"हाव सरिता, पाहिला फोटो. पेशंट झोपेत दात चावते. कराकरा. सगळ्या दाढा घासल्या पाहा ना, आणि ही तर पार तडकली. वर्षानुवर्षांचं काम आहे हे. मनात काही तरी घेऊन झोपणारा माणूस दिसते."

नानाजींनी बोळ्यांतून काहीतरी म्हटलं. ते कोणाला समजलं नाही, हे सर्वांच्याच हिताचं झालं.

"रविवारपर्यंत थांबवू नको," आवाज पुढे म्हणाला. "सूज डोळ्याकडं चढली आहे. आत्ता लगेच पाठव इकडं. मी थांबतो."

पळून जावं असं नानाजींना जिना उतरताना वाटलं. पण अंगात कणकण होती, डोळा फडफडत होता आणि तडकलेल्या दाढेतून एक कळ अशी निघाली की तिनं साडू, सासूबाई, मान, अधिक महिना सगळं एका क्षणात धुऊन काढलं. त्यांनी ऑटोवाल्याला हात केला. "जरीपटका," ते म्हणाले, आणि हे नाव आपल्याच तोंडून आलं याचं त्यांना दुःख झालं.

काचेच्या दाराआड एसी खरोखरच थंडगार होता. तेही खटकलं. "ढेंगेकाका ना? या, सरांनी थेट आत घ्यायला सांगितलं," बाहेरच्या मुलीनं म्हटलं. नानाजी खुर्चीत पडले. चष्मा त्यांनी काढला नाही. दुपट्टाही फक्त खालून, लागेल तेवढाच वर केला. अश्विननं काही विचारलं नाही. "ढेंगेकाका, मोठं उघडा," एवढंच तो अधूनमधून म्हणत होता. सुई टोचली तीही समजली नाही. हात इतका हलका होता की नानाजींना त्याचाही हेवा वाटला. पू निघाला, तोंडात कडवट चव पसरली आणि चार दिवसांत पहिल्यांदाच कपाळावरचा ताण उतरला.

"झालं. दाढ वाचवता येते का ते पुढल्या आठवड्यात पाहू," अश्विन म्हणाला. मग त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. "चूळ भरा, भाऊ."

भाऊ. ढेंगेकाका नव्हे.

नानाजींनी चूळ भरली. बराच वेळ भरली. चूळ भरत असेपर्यंत माणसाला बोलावं लागत नाही.

"कधी ओळखलं?" त्यांनी शेवटी चष्मा काढत विचारलं.

"सरितानं तुमच्या शेजाऱ्याचं नाव सांगितलं तेव्हाच. सुमतीताईचा मंगळवारीच फोन आला होता. मी रोज दुपार मोकळी ठेवून राहिलो. म्हटलं, फिरून फिरून येतीन."

"घरी कोणाले सांगितलं?"

"मेघाले बी नाही. आणि रविवारी बी नाही सांगत. तुमी बिनधास्त या."

नानाजी "हूं" म्हणाले. आभार मानायचे होते, पण अर्धं तोंड बधिर होतं आणि उरलेल्या अर्ध्या तोंडानं मानलेले आभार अपुरे वाटले असते.

रविवारी कळमेश्वरला रांगोळ्या काढलेल्या, पाट मांडलेले, स्वयंपाकघरातून पुरणाचा वास. गाल निम्मा उतरला होता, पण लपण्यासारखा नव्हता. नानाजी पाटावर बसले आणि मनकर्णाबाईंची नजर पडलीच.

"अगं बाई! जवाईबुवा, हे काय होऊन राहिलं तोंडाले?" सगळ्या माना वळल्या. मावश्या, आत्या, मेहुणा रोशन, त्याचा मोबाइल. "डॉक्टरसाहेब, पाहा ना जरा."

नानाजींनी डोळे मिटले. शेजारच्या पाटावरून अश्विन शांतपणे म्हणाला, "मी काय पाहू आई? हे दाताचं नाही. उन्हाचं असन. मोठ्या डॉक्टरचं काम आहे ते, आमचं नाही. भाऊले आराम द्या, बस."

मग जे झालं ते नानाजींनी तीन वर्षं मनात रंगवलं होतं तसंच झालं, किंबहुना जास्तच. पहिलं वाण त्यांच्या हाती आलं. टेबलफॅन फिरवून त्यांच्याकडे केला गेला. "बिचारा एवढ्या दुखण्यात आला, पाहा," असं आत्या म्हणाली. रोशननं त्यांचा एकट्याचा फोटो काढला. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा सिद्धांत साक्षात साडूच्या तोंडून, भर पंगतीत सिद्ध झाला होता.

नानाजींनी आनंद व्हायची वाट पाहिली. आनंद झाला नाही. त्यांनी तिरक्या डोळ्यानं शेजारी पाहिलं. अश्विन वाण नसलेल्या हातांनी शांत बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर उपकाराचं एक चिन्ह नव्हतं. एवढं मोठं मन! हे याच्याकडे कुठून आलं? गोरा रंग त्याचा, एसी त्याचा, हलका हात त्याचा, आणि आता मोठं मनही त्याचंच? बाकी सगळं त्यांनी सोसलं असतं, पण हे या माणसाला फुकट नेऊ देणं शक्य नव्हतं.

"खोटं बोलून राहिला हा!" ते उभेच राहिले. वाणातले दोन अनारसे खाली पडले. "दाढ होती. तडकली होती. चार दिवस मी अख्खं नागपूर पालथं घातलं, सगळ्यांनी दात सांगितला, तरी मी ऐकलं नाही. यानं साफ केली. आणि वरून लपवून राहिला!"

सुमतीनं कपाळाला हात लावला. अश्विननं मात्र घाबरून नानाजींकडे पाहिलं. ती भीती कशाची होती ते पुढच्याच क्षणी समजलं.

"पाहा मी म्हणत नव्हती!" मनकर्णाबाई उठल्या. "आमचे डॉक्टरसाहेब! सुमनमावशी, तुमची ती दाढ दाखवा वं इकडं." मावशी आधीच तोंड उघडून आली होती. तिच्यामागे आत्या. आत्यामागे शेजारची अंजनाबाई, जिला फक्त पाणी भरायला बोलावलं होतं. अश्विन पाटावरून उठला, मोबाइलची बॅटरी लावली आणि मावशीच्या तोंडात वाकला. त्याच्या पानात नुकताच गरम धोंडा पडला होता. त्याची वाफ हळूहळू कमी होत होती. घराचं मांजर दारातून त्या पानाचा अभ्यास करत होतं.

"भाऊ," तो न वळता हळूच म्हणाला, "माझं पान राखा जरा. या घरात आजपर्यंत मले गरम धोंडा मिळाला नाही."

नानाजी त्या पानाकडे पाहत राहिले. इतकी वर्षं त्यांनी अश्विनभोवतीची गर्दी मोजली होती, ताट कधी पाहिलं नव्हतं. आपण इथे आलो की जेवतो. हा आला की कामाला लागतो. कोणी तरी कधी तरी आपल्या ताटाकडेही हेव्यानं पाहत असेल, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"बस करा!" त्यांचा आवाज घरभर गेला. "तोंडं मिटा सगळ्यांनी! जेवू द्या त्याले. जवाई आहे तो या घरचा, दवाखाना नाही. ज्याले दात दाखवायचा असन त्यानं उद्या जरीपटक्याले जावा. अंजनाबाई, तुमी बी!"

सगळी तोंडं मिटली. एकाच वेळी. नानाजींनी या घरात अनेकदा अनेक गोष्टी सांगितल्या होत्या, पण त्या लगेच अमलात येताना ते पहिल्यांदाच पाहत होते. थोरलेपण म्हणतात ते हेच असावं, असं त्यांना वाटून गेलं. मनकर्णाबाई ओशाळल्या. "खरंच वं, पोरगा उपाशी राह्यला," म्हणत त्या आत गेल्या आणि गरम धोंड्यांची परात आणि तुपाचं भांडं घेऊन आल्या.

अश्विन पाटावर बसला. बसताना त्यानं नानाजींच्या गुडघ्याला हात लावला, नमस्कार केल्यासारखा, कोणाला दिसणार नाही असा. नानाजींनी न पाहिल्यासारखं केलं आणि धोंड्याचा मऊ तुकडा डाव्या बाजूला सरकवला. सगळं कसं छान झालं होतं. पहिला मान त्यांचा, शेवटचा शब्द त्यांचा, दुखणं गेलं, साडू ऋणात.

मग मनकर्णाबाईंनी अश्विनच्या पानात तूप वाढलं. नानाजींना वाढलं त्यापेक्षा ती धार थोडी जास्त वेळ पडली असं त्यांना वाटलं. वाटलं कशाला, पडलीच.